आरव्हीत टूल्स कुठली ठेवायची: आधी गाडी बघा, मग खरेदीला जा

आरव्ही, म्हणजे राहायची सोय असलेली गाडी (स्वतः चालणारं मोटरहोम किंवा गाडीमागे ओढायचा ट्रेलर), नवीन घेतली की पहिल्या लांबच्या प्रवासाआधी टूल्सचा प्रश्न येतोच आणि बरेचजण तो एका फटक्यात निकालात काढतात, दीडशे-दोनशे नगांची तयार पेटी घ्यायची, मागच्या कप्प्यात ढकलायची आणि झालं. माझं मत विचाराल तर ती पेटी घेऊ नका. तिच्यात बारीक बारीक गोट्या (नटावर बसणारे सॉकेट) आणि बिट्स ढिगाने असतात ज्यांना आरव्हीत कधी हात लागत नाही, आणि जे खरंच लागतं, म्हणजे चाकाचे नट सोडवणारा लांब दांडा, जास्त प्रेशर दाखवणारा हवेचा गेज, गीझरच्या टाकीचा प्लग उघडणारी मोठी गोटी, वीज मोजायचा मल्टीमीटर, यातलं बहुतेक वेळा काहीच नसतं.

आरव्ही ही गाडी पण आहे आणि घर पण. एकीकडे इंजिन, टायर, ब्रेक आणि दुसरीकडे नळ, गॅस, फ्रिज, दिवे, दोन वेगळ्या प्रकारची वीज, आणि हे अख्खं घर रस्त्यावर तासन्तास हादरे खात असतं. त्यामुळे बिघाडही त्याच जातीचे येतात, स्क्रू ढिले होतात, पाईपचे जोड पाझरायला लागतात, वायर कुठेतरी घासून उघडी पडते, कपाटाचं दार लोंबकळतं, टायरमधली हवा उतरते. मोठं काही मोडण्यापेक्षा हे असलंच जास्त होतं आणि ते जागच्या जागी निस्तरता आलं तर प्रवास थांबत नाही. म्हणून नियम एकच, प्रत्येक टूल तुमच्या गाडीवरच्या कुठल्यातरी ठराविक नटासाठी, स्क्रूसाठी किंवा कामासाठी घ्यायचं. "असू दे, लागेल कधीतरी" या खात्यातलं सगळं दुकानातच राहू द्या.

पायरी १: कागद-पेन घेऊन गाडीभोवती फिरा

यासाठी निवांत अर्धा दिवस काढा, घाई करू नका, कारण पुढची सगळी खरेदी यावर आहे. बाहेरून सुरुवात करा. चाकाचे नट कुठल्या साईझचे, बॅटरीच्या टर्मिनलचा नट केवढा, टाकीचा ड्रेन प्लग हाताने उघडतो की पाना लागतो, गॅस सिलिंडरचा रेग्युलेटर हाताने आवळायचा की पान्याने, ट्रेलर असेल तर हिचच्या (ट्रेलर गाडीला जोडायच्या जोडाच्या) बॉलचा नट केवढा (हा बहुतेक वेळा इतका मोठा असतो की साध्या सेटमधला कुठलाच पाना त्याला बसत नाही), स्टॅबिलायझर जॅक (उभी गाडी डुलू नये म्हणून कोपऱ्यात लावलेले टेकू) फिरवायला कुठलं तोंड लागतं, सगळं मोजून लिहा. मग आत या. कपाटं, बिजागऱ्या, पडद्याच्या पट्ट्या, व्हेंटचं झाकण, प्रत्येकाचे स्क्रू कसल्या डोक्याचे आहेत ते बघा.

इथेच एक गोष्ट लक्षात येईल. अमेरिकन ट्रेलरमध्ये चौकोनी खाचेचे स्क्रू जागोजागी असतात, त्यातला २ नंबरचा बिट सगळ्यात जास्त लागतो, आणि घराकडचे नट-बोल्ट बऱ्याचदा इंचाचे असतात. युरोपात फियाट डुकाटो किंवा मर्सिडीज स्प्रिंटरच्या चेसिसवर (खालच्या सांगाड्यावर) बांधलेल्या व्हॅनमध्ये सगळं मिलिमीटरचं आणि चांदणीच्या आकाराच्या खाचेचे टॉर्क्स स्क्रू भरपूर. काही मोटरहोममध्ये खाली चेसिस मिलिमीटरची आणि वर घर इंचाचं अशी खिचडी असते. आता ३/४ इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, तिथे १९ चा पाना चालून जातो, पण १/२ इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर आणि तिथे १३ चा पाना लावून जोर केला की नटाचे कोपरे गोल झालेच म्हणून समजा, मग तो नट कुठल्याच पान्याला दाद देत नाही. म्हणून अंदाजे नाही, पाना प्रत्यक्ष लावून बघा, मित्राचा उसना आणा हवं तर.

या फेरीत अजून एक गोष्ट शोधायचीच आहे. स्लाइड-आउट असेल, म्हणजे गाडीची भिंत बाहेर सरकून खोली मोठी होते ती सोय, तर मोटर बंद पडल्यावर ती हाताने आत कशी घ्यायची ते मॅन्युअलमध्ये वाचा आणि ती जागा डोळ्यांनी बघून घ्या. कुठे हँडल लागतं, कुठे ड्रिलला गोटी लावून फिरवायचं असतं, कुठे मोटरचा ब्रेक आधी सोडावा लागतो. जुनी गाडी घेतली असेल तर हे हँडल आधीच्या मालकाकडेच राहून गेलेलं असू शकतं. स्लाइड बाहेर अडकली की गाडी जागेवरून हलवता येत नाही, त्यामुळे इतर कितीही टूल्स असली तरी हे एक नसेल तर बाकीच्यांचा उपयोग नाही.

पायरी २: आपण काय करणार आणि काय नाही ते आधीच ठरवा

यादी झाली की तिचे तीन भाग करा. एक, जे मी रस्त्यात स्वतः दुरुस्त करीन. दोन, जे मी फक्त मेकॅनिककडे पोचण्यापुरतं बांधून-चिकटवून घेईन. तीन, ज्याला मी हात लावणार नाही. तिसऱ्या भागात ब्रेकचं आतलं काम, गॅसच्या उपकरणांच्या आतला भाग, मेन लाइनचा बोर्ड हे सगळं नवीन माणसाने डोळे झाकून टाकावं. तसंच मोठ्या मोटरहोमची साडेबावीस इंची चाकं, त्यांचे नट साधारण ४५० ते ५०० फूट-पाउंडाला (हे आवळायच्या जोराचं माप) आवळायचे असतात, ते रस्त्याच्या कडेला एकट्यादुकट्याचं काम नाही आणि बऱ्याच मोठ्या मोटरहोमना स्टेपनी येतही नाही. अशा गाडीत जॅक आणि पाने वाहून नेण्यापेक्षा रस्त्यावरच्या मदत सेवेची मेंबरशिप घ्या, ती आरव्हीच्या वजनाला लागू आहे का ते नीट विचारून घ्या, आणि रिफ्लेक्टरचा त्रिकोण आणि चमकणारं जॅकेट ठेवा. ते जॅकेट आणि त्रिकोण युरोपातल्या अनेक देशांत कायद्यानेच लागतात, पण जिथे सक्ती नाही तिथेही ठेवाच.

हे ठरवलं की निम्मी खरेदी आपोआप कमी होते.

पायरी ३: टायर आणि चाकं

माझ्या मते पहिले पैसे इथे खर्च करा. आरव्ही तिच्या वजनाच्या मर्यादेला टेकूनच चालत असते, त्यामुळे कमी हवा असलेला टायर गरम होतो आणि फुटतो, आणि फुटताना चाकावरचा पत्रा, खालचे पाईप, वायरी पण फाडून नेतो.

हवेचा गेज घेताना तो किती प्रेशरपर्यंत दाखवतो ते बघा. कारचे गेज बऱ्याचदा ५० किंवा ६० पीएसआयला (हे हवेच्या दाबाचं माप) संपतात आणि आरव्हीच्या टायरला ६५, ८० आणि मोठ्या गाड्यांना १०० च्या वरही हवा लागते. १५० पर्यंतचा घ्या म्हणजे प्रश्न मिटला. मागे जोडचाकं असतील तर आतल्या टायरचा वॉल्व्ह साध्या गेजने सापडत नाही, त्याला लांब दांड्याचा दोन तोंडांचा गेज मिळतो, तो घ्या. हवा नेहमी गार टायरची बघायची, म्हणजे गाडी काही तास उभी असताना, सकाळी निघण्याआधी. चालून गरम झालेल्या टायरमध्ये प्रेशर वाढलेलं दिसणारच, ते बघून हवा सोडू नका. आणि हो, गेज हातात असतानाच टायरच्या कडेवर लिहिलेल्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा, २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलाय. आरव्ही वर्षातले बरेच महिने उभी असते त्यामुळे नक्षी नवी कोरी दिसते आणि रबर मात्र म्हातारं झालेलं असतं.

कॉम्प्रेसर घ्यायचा तर त्याच नियमाने, तुमच्या टायरच्या प्रेशरपेक्षा बराच वरपर्यंत हवा मारू शकणारा. जे छोटे कॉम्प्रेसर लायटरच्या सॉकेटमध्ये लागतात त्यांची ताकद तिथल्या फ्यूजवर अडते, १५ अँपिअरचा फ्यूज असला तर १२ व्होल्टला १८० वॅटच्या वर काही मिळणार नाही, म्हणून मोठ्या टायरला थेट बॅटरीला चिमटे लावून चालणारा घ्या. सलग किती मिनिटं चालवता येतो ते पण डब्यावर बघा, सहा चाकं भरायची आहेत हे विसरू नका.

चाक स्वतः बदलणार असाल तर हे सगळं एकत्र लागतं: वजन पेलणारा बॉटल जॅक, त्याच्याखाली ठेवायला जाड लाकडी फळी, चाकांना लावायचे ठोकळे, अर्धा इंची लांब दांडा, तुमच्या नटाची जाड भिंतीची गोटी, आणि टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या जोराला नट आवळणारा पाना. जॅक किती टनाचा ते गाडीच्या भरलेल्या वजनावरून ठरवा आणि सढळ हाताने वरचा घ्या, मात्र तो गाडीखाली उभा मावतो का ते हवा गेलेला टायर डोळ्यांसमोर ठेवून मोजा, कारण तेव्हा गाडी अजून खाली बसलेली असते. जॅक कुठे टेकवायचा ते मॅन्युअलमध्ये असतं. बऱ्याच ट्रेलर कंपन्या अ‍ॅक्सलच्या (दोन्ही बाजूंची चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या) नळीखाली लावू नका सांगतात, चेसिसच्या तुळईखाली लावा म्हणतात. कोपऱ्यातले स्टॅबिलायझर जॅक हे गाडी डुलू नये म्हणून आहेत, त्यांच्यावर गाडी उचलायची नाही म्हणजे नाही. आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शिरू नका, काही पडलं तरी, कितीही घाई असली तरी.

टॉर्क रेंचला खूपजण फाटा देतात, "हाताने गच्च आवळलं की बास" म्हणून. ट्रेलरच्या चाकांना साधारण ९० ते १२० फूट-पाउंड लागतो, म्हणजे १२० ते १६० न्यूटन-मीटर, तुमचा नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. कमी आवळलं तर नट ढिले होऊन चाक निखळतं, जास्त आवळलं तर बोल्ट ताणले जातात. करायचं असं की नट आधी हाताने आट्यांवर बसवायचे, वाकडे बसले नाहीत ना बघायचं, मग समोरासमोरचे असे चांदणीच्या क्रमाने थोडे थोडे आवळत यायचं आणि शेवटी चाक जमिनीवर टेकवून टॉर्क रेंचने कट् असा आवाज येईपर्यंत. चाक बदललं की पहिल्या ८०-१०० किलोमीटरनंतर थांबून पुन्हा एकदा तपासा, नवीन गाडीचंही तसंच. नट सोडवायला हा रेंच वापरू नका, त्यासाठी लांब दांडा आहे, आणि काम झाल्यावर त्याची सेटिंग खालच्या आकड्यावर आणून ठेवा म्हणजे आतली स्प्रिंग थकत नाही.

ट्रेलरवाल्यांनी एक इन्फ्रारेड थर्मामीटर जरूर घ्यावा, लेझर रोखून तापमान दाखवतो तो. चहापाण्याला थांबलात की उतरून प्रत्येक चाकाच्या मधल्या हबवर रोखायचा, आकडे एकमेकांशी ताडून बघायचे. उन्हाच्या बाजूची चाकं थोडी जास्त दाखवतील ते ठीक, पण एकच हब बाकीच्यांपेक्षा खूप तापलाय असं दिसलं तर बेअरिंग जातंय किंवा ब्रेक धरून बसलाय, तिथून पुढे जायचं नाही. दोन मिनिटांचं काम आहे आणि चाक गमावण्यापासून वाचवतं.

पायरी ४: वीज

एकच इलेक्ट्रिक टूल परवडत असेल तर मल्टीमीटर घ्या, साधा डिजिटल चालेल. आरव्हीत दिवे, पंप, पंखा, गीझरचा कंट्रोल बोर्ड हे बहुतेक १२ व्होल्टवर असतात, आणि एसी, मायक्रोवेव्ह वगैरे बाहेरच्या मेन लाइनवर, देशाप्रमाणे १२० किंवा २३० व्होल्ट. नवीन माणसाने १२ व्होल्टची बाजू शिकून घ्यावी, तिथलेच बिघाड जास्त असतात आणि तिथे शॉकची भीती जवळजवळ नाही, मात्र बॅटरीचे दोन टोकं पान्याने जुळली तर पाना लाल होईल इतका करंट असतो, त्यामुळे अंगठी, घड्याळ काढून काम करायचं.

समजा पाण्याचा पंप अचानक गप्प झाला. आधी बॅटरीवर मीटर लावा. काही तास चार्जिंग आणि लोड दोन्ही नसलेली लेड-अ‍ॅसिड बॅटरी १२.६ च्या पुढे असेल तर भरलेली, १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास संपली. लिथियम असेल तर ही पट्टी विसरा, तिचा व्होल्टेज शेवटपर्यंत जवळपास सपाट राहतो, तिला स्वतःचा मॉनिटरच लागतो. बॅटरी ठीक असली तर फ्यूज बॉक्स उघडा. त्या रंगीत पात्याच्या फ्यूजच्या डोक्यावर नीट बघितलं तर दोन इवलेसे धातूचे ठिपके दिसतात. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला किंवा फ्यूज बॉक्सच्या निगेटिव्ह पट्टीला लावा, आणि पंपाचं बटण चालू ठेवून लाल पिन आधी एका ठिपक्यावर मग दुसऱ्यावर टेकवा. दोन्हीकडे १२ च्या पुढे दिसलं तर फ्यूज चांगलाय, एकाच बाजूला दिसलं तर उडालाय. फ्यूज उपसायचीही गरज नाही. फ्यूज चांगला निघाला तर पंपापाशी जाऊन तिथे व्होल्टेज पोचतंय का बघायचं, पोचत असेल तर पंप गेलाय, नसेल तर मधे कुठेतरी वायर किंवा बटण. एवढं कळलं तरी मेकॅनिकशी फोनवर बोलताना निम्मं काम झालेलं असतं.

मीटर वापरताना एक सांभाळा, लाल वायर १० अँपिअरच्या भोकात राहिलेली असताना व्होल्टेज मोजायला गेलात तर तुम्ही बॅटरी शॉर्ट करताय. मोजायच्या आधी प्रत्येक वेळी वायर कुठल्या भोकात आहे ते बघायची सवय लावा.

फ्यूज मिक्स पाकिटात मिळतात, त्यांचे रंग ठरलेले आहेत, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, २५ पारदर्शक, ३० हिरवा. साधे आणि मिनी असे आकार असतात, तुमचे कुठले ते बॉक्स उघडून बघा. उडालेल्या फ्यूजच्या जागी त्याच आकड्याचा फ्यूज, मोठा टाकला तर फ्यूजच्या आधी वायर जळते आणि ती वायर लाकडी भिंतीच्या आत असते. नवा पण लगेच उडाला तर कुठेतरी शॉर्ट आहे, फ्यूज टाकत बसू नका.

सोबत वायर सोलायचं-दाबायचं प्लायर, दोन-तीन जाडीचे क्रिंप कनेक्टर (वायरवर दाबून बसवायचे जोड), थोडी वायर, इन्सुलेशन टेप. हादऱ्यांमुळे नुसतं पीळ मारून टेप लावलेला जोड टिकत नाही, क्रिंप करायला शिका, सोपं आहे. मेन लाइनसाठी कॅम्पग्राउंडच्या पॉईंटला लावून वायरिंग बरोबर आहे का सांगणारा टेस्टर आणि न टेकवता वीज ओळखणारा पेन, एवढंच. टेस्टरने चूक दाखवली तर गाडी तिथे जोडायचीच नाही, दुसरी जागा मागा.

पायरी ५: पाणी

बाहेरच्या नळाला जोडायचा प्रेशर रेग्युलेटर आधी घ्या. आरव्हीचे पाईप साधारण ४० ते ६० पीएसआयसाठी असतात आणि बाहेरच्या नळाला त्याहून बरंच जास्त येऊ शकतं. तो नळाच्याच तोंडाला लावायचा, गाडीच्या बाजूला नाही, म्हणजे तुमचा होसपाईपही वाचतो. होसचे रबरी वायसर मूठभर ठेवा, गळणाऱ्या जोडाचं औषध बऱ्याचदा तेवढंच असतं.

आतल्या पाईपचा बाहेरचा व्यास मोजून त्या मापाचे दाबून बसणारे दोन जोड आणि एक बंद टोपी घ्या, आणि पाईप सरळ कापणारा छोटा कटर. टोपीचं महत्त्व मोठं आहे. शॉवरकडे जाणारा पाईप फुटला आणि दुरुस्त करता येत नाहीये, तर तो कापून टोपी बसवली की शॉवर बंद पण बेसिन आणि टॉयलेट चालू. पाईपवर गुंडाळायची स्वतःलाच चिकटणारी सिलिकॉन टेप, टेफ्लॉन टेप, दोन-चार होस क्लिप, आणि पाण्याच्या नटांसाठी रुंद तोंडाची वॉटर पंप पक्कड, प्लास्टिकच्या नटांवर ती हलक्या हाताने.

गीझरसाठी कंपनी बघा. सबर्बनच्या स्टीलच्या टाकीत गंज स्वतःवर घेणारा अ‍ॅनोड रॉड असतो आणि तो काढायला १ पूर्णांक १/१६ इंचाची गोटी लागते, २७ मिलिमीटरची चालते. अ‍ॅटवुडच्या अ‍ॅल्युमिनियमच्या टाकीत अ‍ॅनोड नसतो, साधा प्लास्टिकचा प्लग असतो. कुठलाही असो, गीझर बंद करून पूर्ण गार होऊ द्या, पाणी तोडा, वरचा प्रेशर वॉल्व्ह उघडा आणि मगच प्लगला हात लावा, नाहीतर उकळतं पाणी थेट अंगावर येतं.

सांडपाण्याच्या कामासाठी वेगळे नायट्राइल हातमोजे, ते बाकीच्या टूल्समध्ये मिसळायचे नाहीत.

पायरी ६: गॅस

इथे थोडकंच. रेग्युलेटरच्या नटाचा पाना आणि साबणाच्या पाण्याची स्प्रे बाटली. जोड उघडला-लावला की फवारायचं, फुगे आले तर लीक. अमोनिया नसलेला साबण घ्या, अमोनियाने पितळ खराब होतं. पेटती काडी कधीही नाही. जुन्या पद्धतीच्या काही सिलिंडरचे आटे उलटे असतात, तिथे सवयीने फिरवलं तर सोडवायच्या ऐवजी आवळत बसाल. वास आला तर सिलिंडर बंद, सगळ्यांना बाहेर काढा, दारं उघडी, कुठलंही बटण दाबू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, खाली फरशीपाशी साठून राहतो, म्हणून गॅसचा डिटेक्टर खाली बसवलेला असतो, त्याच्यासमोर सामान रचू नका.

पायरी ७: हाताची नेहमीची टूल्स

यात मी कमी पण चांगली या मताचा आहे. बिट बदलणारा एक दणकट स्क्रू ड्रायव्हर आणि तुमच्या यादीतले बिट्स, एक लहान चपटा, एक १० इंची स्क्रू पाना, तुमच्या साईझचे रिंग पाने, साधी पक्कड, नोज प्लायर, कटर, एक लॉकिंग पक्कड, अ‍ॅलन की, रबरी हातोडी, मेजरिंग टेप, छोटी पाणसळ. लॉकिंग पक्कड तुटलेल्या हँडलच्या जागी तात्पुरती मूठ म्हणून पण चालते, गोल झालेला नट पण धरते. पाणसळ गाडी समतल लावायला, गॅसवर चालणारा अ‍ॅबसॉर्प्शन फ्रिज तिरका राहिला तर नीट चालत नाही आणि कालांतराने खराबच होतो.

डोक्याला बांधायचा टॉर्च, दोन. हातात धरायचा नको, दोन्ही हात मोकळे लागतात. बॅटरीवरचं ड्रिल ज्यांना जॅक फिरवायला लागतं त्यांनी न्यावं, पण काही कंपन्या स्टॅबिलायझरला मशीन लावू नका म्हणतात, बघून घ्या, आणि चाकाचे नट शेवटचे आवळायला मशीन नकोच.

चिकटवायच्या सामानात डक्ट टेप आणि केबल टाय तर सगळेच नेतात. छपरासाठी मात्र तुमच्या छपराच्या मटेरियलला चालणारं लॅप सीलंट आणि रुंद छप्पर-टेप घ्या. रबरी छपरावर घरातलं सिलिकॉन लावू नका, ते धड धरत नाही आणि नंतर त्याच्यावर खरं सीलंट पण बसत नाही, सगळं खरवडून काढावं लागतं. पाणी छपरातून भिंतीत मुरलं की आतलं लाकूड कुजतं आणि बाहेरून दिसतही नाही, त्यामुळे ही ट्यूब स्वस्तातला विमा समजा.

पायरी ८: वजन आणि जागा

सगळं एकत्र आणून घरच्या वजनकाट्यावर ठेवा. जॅक, दांडा, कॉम्प्रेसर, पाने मिळून वजन भराभर वाढतं आणि गाडीची सामान वाहायची मर्यादा स्टिकरवर लिहिलेली असते, त्यात पाणी आणि माणसं पण मोजायची आहेत. जड टूल्स खाली आणि अ‍ॅक्सलच्या जवळ. ट्रेलरच्या अगदी मागच्या टोकाला ठेवू नका, हिचवर एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हवा असतो, मागे वजन टाकलं की तो कमी होतो आणि ट्रेलर रस्त्यावर झोके खायला लागतो.

कडक पेटीपेक्षा जाड कापडी पिशवी बरी, खडखडत नाही आणि वेड्यावाकड्या जागेत बसते. स्लाइड बंद असतानाही हात पोचेल अशाच कप्प्यात ठेवा, कारण रस्त्यात थांबाल तेव्हा स्लाइड आतच असणार. टॉर्च, हातमोजे, जॅकेट, त्रिकोण यांची वेगळी छोटी पिशवी दाराजवळ. बाहेरच्या कप्प्यात दमट हवा असते, पान्यांना तेलाचा हात फिरवून ठेवा, मल्टीमीटर आणि त्याची जादा बॅटरी मात्र गाडीच्या आत.

पायरी ९: घरच्या दारात करून बघा

निघायच्या आधी एक दिवस काढून प्रत्येक टूल ज्यासाठी घेतलंय त्याला लावून बघा. गाडी जमिनीवरच असताना एका चाकाचे नट एकेक करून सोडवा आणि टॉर्क रेंचने परत आवळा, दांडा पुरेसा लांब आहे की नाही ते तिथेच कळेल. स्लाइड हाताने आत घ्या. एक फ्यूज मीटरने तपासा. पाण्याचा मेन कॉक आणि गॅस बंद करायची जागा बरोबर येणाऱ्या प्रत्येकाला दाखवा, तुम्हीच आजारी पडलात तर कोण करणार. जे टूल बसत नाही ते लगेच बदलून आणा.

भाड्याची आरव्ही असेल तर यातलं बरंच काही लागणार नाही, छपराला आणि गीझरला तुम्ही हात लावायचाच नाहीये. हवेचा गेज, डोक्याचा टॉर्च, मल्टीमीटर, बिटवाला स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, टेप, केबल टाय, हातमोजे एवढं एका छोट्या पिशवीत बसतं. गाडी ताब्यात घेताना जॅक, स्टेपनी, स्लाइडचं हँडल, फ्यूज बॉक्स हे प्रत्यक्ष दाखवायला लावा, मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा, आणि काय बिघडलं तर स्वतः हात लावायच्या आधी कुणाला फोन करायचा ते लिहून घ्या, कारण परवानगीशिवाय केलेल्या दुरुस्तीचा खर्च बऱ्याचदा तुमच्याच डोक्यावर येतो.